पंधराचा वर्ग

लोणावळ्याला मेथडिस्ट मंडळींचा वार्षिक मेळावा भरत असे. त्याला सगळे कॅम्प मीटिंग म्हणत. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाटमाथ्यावरचं हे गाव मुंबई आणि पुणे दोन्हीकडून काही तासांवर आलं. तिथे रेल्वेचे कारखाने झाले, गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन कामगारांची वस्ती झाली, आणि हवा थंड म्हणून मिशनरी मंडळींचाही पाय तिकडे वळला. तंबू पडत, दिवसभर प्रवचनं आणि भजनं चालत. १८९६ च्या मेळाव्याला पुण्याहून अडतिशीची एक विधवा आली होती. तिच्यासोबत पंधरा मुली होत्या. त्या सगळ्या तिच्या शाळेतल्या, आणि त्या सगळ्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केलेला.

ही विधवा म्हणजे पंडिता रमाबाई. एका पहाटे, उजाडायच्या आत, त्या एकट्याच जवळच्या रानात गेल्या आणि देवाजवळ मागणं मागितलं. मागणं असं, की या पंधरांचा वर्ग कर. म्हणजे पुढच्या मेळाव्यापर्यंत दोनशे पंचवीस मुली दे. पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे आणि आपल्या मनातली शंकाही लपवलेली नाही. पुण्यातल्या त्यांच्या शाळेत, शारदा सदनात, तेव्हा एवढ्या मुलीच नव्हत्या. त्यांना राहायला जागा नव्हती, आणि खाऊ घालायला पैसा तर नव्हताच. तेवढ्यात त्यांना यिर्मयाच्या ग्रंथातलं एक वचन आठवलं. मला अशक्य असं काही आहे का, असं देव त्यात विचारतो. तेच उत्तर समजून त्या तंबूत परतल्या.

स्वर्गात संपत्ती साठवा, तिथे तिला कसर लागत नाही आणि चोर फोडत नाहीत, हा येशूचा उपदेश ख्रिस्ती घरात लहान मुलालाही पाठ असतो. पण त्या संपत्तीचा इतका रोखठोक हिशोब मांडणारं माणूस विरळाच. पंधरा गुणिले पंधरा. भक्तीत असा पाढा बसत नाही, असं वाटणाऱ्याने रमाबाईंचं बालपण पाहावं. पैसा आणि पुण्य यांचा हिशोब त्या घरात फार आधीपासून चालू होता, आणि त्याचा ताळेबंद भयानक निघाला होता.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून जातभाईंच्या रोषाला सामोरे गेलेले आणि पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात आश्रम थाटून बसलेले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आल्यागेल्या विद्यार्थ्यांचं आणि यात्रेकरूंचं आदरातिथ्य करता करता पैसा संपला आणि मूल सहा महिन्यांचं असतानाच कुटुंब यात्रेला निघालं. वेताच्या पेटाऱ्यात घालून रमाबाईंना डोंगरावरून खाली आणलं गेलं. त्यानंतर कित्येक वर्षं या कुटुंबाला घर असं नव्हतं. देवळात किंवा नदीकाठी बसून शास्त्रीबुवा पुराण सांगत. ऐकणारे फळं, धान्य, वस्त्रं, पैसे पुढ्यात ठेवत. पुराणिक कधी मागत नाही, मागितलं तर तो भिक्षुक ठरतो. पोटापुरतं ठेवून उरलेलं ते ब्राह्मणभोजनात आणि दानधर्मात घालत. दानाने पुण्य मिळतं आणि पुण्याने दैव फळतं, अशी त्यांची श्रद्धा होती.

दैव फळलं नाही. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. आधी रोकड संपली, मग दागिने आणि तांब्या-पितळेची भांडी विकली गेली. देवांना प्रसन्न करण्यासाठी अनुष्ठानं झाली, राहिलेसाहिले पैसे दानात गेले. अंगमेहनतीचं काम करायचं कुणाच्या मनात येईना. विद्वान ब्राह्मणाच्या घराला ते कमीपणाचं वाटे. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात पालापाचोळा आणि रानफळं खाऊन दिवस काढायची वेळ आली. वडील तिथेच गेले. काही आठवड्यांत आई गेली. तिची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन माणसं मिळाली आणि तिसरा-चौथा खांदा भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई यांनी दिला. उंची कमी म्हणून रमाबाईंना आपल्या बाजूचा भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढे बहीणही गेली. उरलेली दोघं भावंडं हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने गारठल्यावर वाळूत खड्डे खणून, मानेपर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या.

हे सगळं रमाबाईंनी स्वतः पुढे, १८९६-९७ च्या दुष्काळात, लिहून ठेवलं आहे. त्यात आईवडिलांबद्दल राग नाही, पण एक ठाम निष्कर्ष आहे. भुकेल्या पोटी देवाच्या नावाने पैसा उधळणं आणि हात चालवायला लाजणं, या दोन गोष्टींनी त्यांचं घर बुडवलं. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, जगभर गाजल्या. तरी त्यांच्या कामातला पैशाचा विचार समजून घ्यायचा तर बोस्टन किंवा लंडनच्या आधी तिरुपतीच्या रानातच जावं लागतं.

मधली वर्षं सर्वश्रुत आहेत. १८७८ मध्ये कलकत्त्यात मिळालेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, मुलगी मनोरमा, दोन वर्षांच्या आत वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज, मग इंग्लंड. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक आलं, त्याच्या हजारो प्रती खपल्या. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी रमाबाई सर्कल्स निघाली. सभासद ठरावीक वर्गणी देत आणि ही मदत दहा वर्षं चालेल असं वचन होतं.

म्हणजे पहिली दहा वर्षं रमाबाईंचा कारभार पक्क्या पैशावर चालला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. पण पक्क्या पैशासोबत अटी येतात. शाळेत धर्मशिकवण द्यायची नाही, ही इथली मुख्य अट होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत बायबल वाचत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. यातून पुण्यात वादळ उठलं. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या, ‘केसरी’ने झोडपलं. अट मोडली का, यावर आजही दोन मतं आहेत. विश्वास ठेवून मुली पाठवणाऱ्या पालकांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं. उघड्या दाराचा अर्थ बारा-चौदा वर्षांच्या पोरक्या मुलीला काय वाटेल, हे रमाबाईंना कळत नसेल असं म्हणवत नाही.

दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. त्यानंतर काय? दुष्काळात वाढलेल्या बाईने याचं उत्तर आधीच शोधायला सुरुवात केली होती, आणि ते उत्तर जमिनीत होतं. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव स्टेशनाजवळ त्यांनी शंभरेक एकर जमीन घेतली. संत्री, लिंबं, आंबे लावायचे, फळं रेल्वेने बाजारात पाठवायची आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचं. लोणावळ्याच्या रानात दोनशे पंचवीसचं मागणं मागणारी बाई त्याच काळात कलमांची, विहिरींची आणि मालगाडीच्या भाड्याची गणितं करत होती, हे विसरून चालणार नाही. या दोन गोष्टी तिच्या लेखी वेगळ्या नव्हत्या.

आणि मग मुली आल्या. १८९६ च्या शेवटी मध्य प्रांतात दुष्काळ पेटला. रमाबाईंच्या हाती त्यासाठी पैसा नव्हता. बोस्टनचा पैसा सदनातल्या ठरावीक विधवांसाठी होता. तरीही त्या गेल्या. सरकारी दुष्काळी छावण्यांत आणि रस्त्यांच्या कडेला त्यांनी जे पाहिलं ते त्यांना नवीन नव्हतं. ते त्यांनी भोगलेलं होतं. त्यातून त्या सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि शहरात इतकी नवी माणसं ठेवायला मनाई झाली. म्हणून ती सगळी केडगावच्या माळावर, झोपड्यांत आणि तंबूंत राहायला गेली. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशी माणसांच्या कामी आली. या वस्तीला मुक्ती हे नाव पडलं. पुढच्या काळात तिथे बाप्तिस्म्यांचे समारंभ झाले आणि लोणावळ्याचं मागणं फळाला आलं, अशी रमाबाईंची खात्री पटली.

इथे दुसरी बाजू मांडायलाच हवी. उपाशी मुलीला अन्न देणाऱ्या हाताने धर्मही द्यावा का, हा प्रश्न तेव्हा लोकमान्य टिळकांच्या पुण्याने विचारला आणि आजही विचारला जातो. रमाबाईंचं उत्तर त्यांच्या जीवनक्रमात आहे, कुठल्या युक्तिवादात नाही. त्या मुलींना दुसरं कुणी न्यायला आलं नव्हतं, हे खरं. त्या मुलींना निवडीचा वाव फारसा नव्हता, हेही खरं.

१८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, दहा वर्षांचा हिशोब दिला, आणि नवी असोसिएशन उभी राहिली. या वेळी बांधील रकमेचं वचन नव्हतं. यापुढचा मार्ग त्यांनी तीन माणसांच्या चरित्रांतून घेतला होता. इंग्लंडात ब्रिस्टलला हजारो अनाथ मुलं सांभाळणारे जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांवरचे जॉन पेटन. म्यूलर आणि टेलर यांचा नियम असा, की कुठल्याही माणसाजवळ पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचं नाही, गरज फक्त देवाला सांगायची. हे इतर देशांत होतं तर हिंदुस्थानात का होऊ नये, असं रमाबाईंना वाटलं.

म्यूलर त्यांना परका वाटला नसावा. मागायचं नाही, आपलं काम करत राहायचं, समोर येईल ते घ्यायचं आणि उरेल ते वाटून टाकायचं, हा नियम त्यांनी वडिलांच्या पुराणाच्या बैठकीत पाहिलेला होता. ब्रिस्टलच्या जर्मन पाद्रीमध्ये त्यांना गंगामूळचे अनंतशास्त्री दिसले असतील, फक्त दोन सुधारणा केलेले. एक, हा दानशूर हिशोबाची वही ठेवतो. दोन, याच्या घरात कुणी कष्टाला लाजत नाही.

दुसरी सुधारणा केडगावात जितकी दिसली तितकी ब्रिस्टलमध्येही दिसली नसेल. मुक्तीत प्रत्येकीला काम होतं. शेत आणि बाग, गाईम्हशी, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, भरतकाम, भट्टी, धुलाई, भांड्यांना कल्हई. पुढे छापखाना आला आणि मुली टाइप जुळवायला शिकल्या. अंध मुली बोटांनी ब्रेल वाचत आणि टोपल्या विणत. ब्राह्मण घरची विधवा आणि छावणीतून आलेली अनाम पोर एकाच रांगेत बसून दळत. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंची माणसं तिकडे गेली आणि केडगावची लोकसंख्या एकोणीसशेच्या घरात पोचली. इतक्या माणसांची रोजची दोन जेवणं म्हणजे एका मध्यम गावाचा शिधा. तो भरायला नियमित उत्पन्नाचा एकही मोठा झरा नव्हता. ऑस्ट्रेलियातून, इंग्लंडातून, अमेरिकेतून मनीऑर्डरी आणि हुंड्या येत, बागेचा पैसा येई, आणि उरलेल्या फटीसाठी प्रार्थना होती.

विश्वासावर चालणाऱ्या अशा कामांबद्दल एक शंका रास्त आहे. पैसे मागायचे नाहीत, पण कामाचे वृत्तांत छापायचे, चरित्रं लिहू द्यायची, परदेशी पाहुण्यांना वस्ती दाखवायची, हे मागणंच झालं ना? बऱ्याच अंशी झालं. म्यूलरच्या अहवालांनी जितका पैसा आणला तितका कुठल्या याचनेने आणला नसता. पण रमाबाईंच्या कामातला फरक पाहायचा तर त्याच काळात पुण्यात उभ्या राहिलेल्या दुसऱ्या संस्थेकडे पाहावं. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो चालवण्यासाठी आयुष्यभर गावोगाव हिंडून रुपया-आठ आणे गोळा केले. गोदूबाईही वर्गणी मागत फिरल्या. कर्व्यांचा मार्ग जास्त कष्टाचा आणि जास्त लोकशाही होता, असं म्हणता येईल. एकेक देणगीदार त्यांनी आपल्या समाजातून मिळवला. रमाबाईंना तो समाज १८९३ मध्येच दुरावला होता. मागायला दार नव्हतं, म्हणून न मागण्याचं बळ जास्त लागलं, असाही या गोष्टीचा एक अर्थ लावता येतो.

लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेला वळते, मावळातली भातखाचरं ओलांडते, तळेगावच्या उत्तरेला वराळे आणि इंदुरीच्या अंगाने देहूकडे जाते. या नदीच्या पात्रात पैशाबद्दलची एक जुनी गोष्ट बुडालेली आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नाविना गेली, व्यापाराचं दिवाळं निघालं. नंतर त्यांनी लोकांकडच्या येण्याची खतपत्रं भावासोबत वाटून घेतली आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडवला, असं संतचरित्रकार सांगतात. रमाबाईंनी प्रार्थना केली ते रान याच नदीच्या माथ्याशी आणि तुकोबांचं देहू तिच्याच काठाशी. दोघांच्याही घराला दुष्काळाने ओरबाडलं होतं. तुकोबांनी वह्या बुडवल्या, रमाबाईंनी नव्या घातल्या.

मराठी ख्रिस्ती परंपरेत तुकोबांची वाट धरणारे दुसरेच एक गृहस्थ होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारे कवी नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये त्यांनी वीस-बावीस वर्षं काम केलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही त्यात येऊ शकत. परदेशी पगाराने बांधलेला ख्रिस्त मराठी माणसाच्या गळी उतरणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले तेव्हा दरबार अजून नीट उभाही राहिला नव्हता. या त्यागाची घरातली किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितली आहे. बाजाराला दिलेले पैसे भलत्याच गोष्टीत घालवून हसत घरी येणारे टिळक आणि रिकाम्या डब्यांसमोर उभ्या लक्ष्मीबाई, ही जोडी मराठी वाचकाला पाठ आहे. पैशाला तुच्छ मानणाऱ्या पुरुषाच्या घरी पीठमीठ कोण पाहतं, हा प्रश्न ख्रिस्ती आध्यात्मिक साहित्यात क्वचित येतो. लक्ष्मीबाईंनी तो हसतखेळत विचारला. रमाबाईंना तो विचारावा लागला नाही, कारण त्यांच्या घरचं पीठमीठ त्याच पाहत होत्या.

रमाबाईंच्या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांतला मोठा खर्च माणसांवर झाला तसा एका पुस्तकावरही झाला. त्यांना बायबलचं नवं मराठी भाषांतर हवं होतं, हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा भाषेत. प्रचलित भाषांतरातले जुन्या धर्माच्या छटा असलेले संस्कृत शब्द त्यांना नको होते. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. टाइप केडगावातच जुळवला गेला, आणि तो जुळवणाऱ्या हातांमध्ये एकेकाळी दुष्काळी छावण्यांतून आलेल्या मुलींचे हात होते. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. जिच्या हाती मुक्ती सोपवायची ती एकुलती एक लेक. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं. महाराष्ट्रातल्या चर्चांनी मात्र बायबल सोसायटीचंच भाषांतर चालू ठेवलं. रमाबाईंचं भाषांतर फार थोड्या मंडळींच्या वापरात राहिलं आणि आज ते बहुधा अभ्यासकच उघडतात. बाजाराच्या हिशोबाने इतकी वर्षं, इतका कागद आणि इतकं शिसं बुडालं. केडगावची वस्ती मात्र टिकली. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने तिथे आजही अनाथ मुली आणि निराधार बायका राहतात.